चावी माझ्याकडं होती

आमचं पुढचं दार बघून रस्त्यानं जाणारं माणूस आजही थांबतं. "काय सागवान हाय हो! असलं लाकूड आता सपनात सुद्धा मिळायचं न्हाई," म्हणतं, कवाडावर थाप मारतं, उंबऱ्यावरून हात फिरवतं. आमचं किराणा दुकान घराला लागूनच. मी गल्ल्यावर बसलेली असते, मला सगळं ऐकू येतं. पहिला महिनाभर कुणी असं बोललं की मी हातातलं काम टाकून उठायचे आणि त्या दाराचं कौतुक सांगत उभी राहायचे, मागं गिऱ्हाईक ताटकळलं तरी. आता मी तोंड वर न करता विचारते, काय पाहिजे, साखर का चहापत्ती.

ते दार माझं नाही. गल्लीच्या वळणावर माझी शेजारीण राहते, तिचं आहे. मी ते कसं आणलं हे सगळ्या गावाला माहीत आहे. गाव मला चोर म्हणतं, तोंडावर नाही, पाठीमागं. पण चोर बिचारा कुलूप तोडून आत शिरतो. माझ्याकडं चावी होती.

पाटोद्यापासून बसनं अर्ध्या तासावर आमचं गाव. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि पाडव्याच्या आगंमागं परत येतं. शेजारीण आणि तिचा नवरा, दोघं मिळून एक कोयता, तोडीत जोडी अशीच मोजतात, दरसाल जायचे. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला सासू नव्हती. घरात बाईमाणूसच नव्हतं, म्हणून उंबऱ्यावर तांदळाचं माप मी भरून ठेवलं. पोरगी लहानखुरी, भेदरलेली. पायाचा अंगठा लावायचा सोडून तिनं लाथच मारली, तांदूळ पार चुलीपर्यंत गेले. बाया फिदीफिदी हसायला लागल्या तशी मी सगळ्यांना दटावलं, "गप बसा गं, लक्ष्मी जोरात आलीया!" त्या दिवसापासून मी तिची आक्का झाले.

त्यांचं घर एका खोलीचं. मातीच्या भिंती, वर मातीचंच माळवद, पण दार मात्र एखाद्या पाटलाला शोभेल असं. तिच्या सासऱ्यानं तरुणपणी एक गढी उतरवायच्या कामावर मजुरी केली होती. तिथली एक सागवानी चौकट, कवाडासकट, त्याला मिळाली. चौघांनी खांद्यावरून आणली म्हणे. म्हाताऱ्यानं आधी चौकट उभी केली आणि मग तिच्या बेतानं भिंती घातल्या. "घरापेक्षा दार मोठं" म्हणून लोक चिडवायचे. तो म्हणायचा, "माणसाला वाकून आत यायला लागू नये, एवढंच बघितलं म्या."

तोडीला जायच्या दिवशी शेजारीण घर झाडायची, उंबरा पाण्यानं धुवायची, त्यावर हळदकुंकू वाहून डोकं टेकवायची. मग कडी लावून कुलूप घालायची आणि माझ्याकडं यायची. "आक्का, घर तुमच्या पदरात टाकून चालले." मी पदराला हात पुसून पुढं करायचे, चावी घ्यायचे आणि देव्हाऱ्याखालच्या खिळ्याला अडकवायचे. परत आली की ट्रॅक्टरमधून उतरून आधी माझ्या दारात. पाणीसुद्धा चावी घेतल्यावरच प्यायची. गावात तिचा सख्खा थोरला दीर होता, पण चावी त्याच्याकडं नाही, माझ्याकडं. मला त्याचा लई अभिमान होता, खोटं कशाला बोलू! चार बायांत मी मुद्दाम सांगायचे.

आता माझ्या घराचं सांगते. आष्टीला माझी धाकटी जाऊ राहते. तिनं घर बांधताना कुठल्या तरी जुन्या घराचं दार आणून बसवलं आणि वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला ते हाताला धरून दाखवलं. मला तीनदा दाखवलं. "जाऊबाई, प्लायवूडमधी ही मजा न्हाई बघा. तुमच्याकडं कुठलं दार हाय म्हणायचं?" तिला चांगलं ठाऊक होतं आमच्याकडं पत्र्याचं दार आहे ते. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी तिच्याकडं जेवलेसुद्धा नाही, उपास आहे म्हणून सांगितलं.

पुढच्या साली आमच्या पुढच्या खोलीचं काम निघालं. मी मालकांना बजावलं, फरशी कसलीही टाका, रंग कुठलाही द्या, दार जुनं सागवानी पाहिजे. आमचे मालक म्हणजे शंभर शब्दांचं काम दोन शब्दांत करणारा माणूस. ते म्हणाले, "दारानं काय व्हतंय? आत-बाहेर करायला एक भोक लागतंय." मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, बरं, बघ दार.

पाटोद्याच्या बाहेर एका मिस्त्री चाचांचा जुन्या लाकडाचा अड्डा होता. पडलेल्या, पाडलेल्या घरांचे खांब, तुळया, खिडक्या तिथं रचून ठेवलेल्या. त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा. बाजारच्या दिवशी मी तिकडं चक्कर मारायचे. एक चौकट वाळवीनं खाल्लेली, एकीचं कवाड आखूड, एक तर अशी मोठी की आमचं घर तिच्या आत बसावं. चाचा मला चहा पाजायचे आणि हसायचे. "भाभी, चांगलं दार असं बाजारात बसून ऱ्हात न्हाई. कुणाचं तरी घर जावं लागतंय त्याच्यासाठी." मीही हसायचे तेव्हा.

दसऱ्यानंतर शेजारीण नेहमीसारखी चावी देऊन गेली होती. दिवाळी झाली आणि अवकाळी आला. दोन दिवस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धप्प करून आवाज झाला, मी पळत गेले. तिच्या घराची मागची भिंत बसली होती. मी कुलूप काढून आत शिरले, तिची भांडी, अंथरुणं, पोराची शाळेची पेटी, धान्याची कोठी, सगळं माणसं लावून आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. एक वाटी हरवू दिली नाही. हे मी चांगलं केलं, आणि हे सांगायला मला कुणी बंदी करू नये. शेवटची खेप बाहेर काढून परत कुलूप घालायला मी मागं वळले आणि दार बघितलं. रोजच्या बघण्यातलं दार. त्या दिवशी ते मला मोकळं दिसलं. माझ्या मनात पाप आलं ते तिथं.

दोन दिवसांनी तिचा थोरला दीर दुकानात आला. मी विषय काढला नाही, त्यानंच काढला. "आक्का, धाकट्याला घरकुल मिळणारच हाय आज ना उद्या. हे घर तसंबी पाडायचंच. लाकूड भिजून सडण्यापरीस तुमी दार न्या, मी वरच्या तुळया नेतो गोठ्याला."

"आन् त्यांना इचारायचं?"

"मी सांगतो की त्याला. भाऊच हाय माझा."

तो सांगणार नाही हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. आणि त्यानं सांगितलं का, हे मी नंतर एकदाही विचारलं नाही. मालक मात्र म्हणाले, "आधी तिला फोन लाव." मी लावला. भर दुपारी लावला, ती उसाच्या फडात असणार आणि फोन तळावरच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत असणार हे पक्कं ठाऊक असताना. वाजून वाजून बंद झाला. "बघा, उचलत न्हाई," मी म्हणाले. संध्याकाळी लावला असता तर तिनं पहिल्या रिंगला उचलला असता. मी संध्याकाळी लावला नाही.

चाचांना बोलावलं. ते आले, दोन माणसं घेऊन. घराभोवती एक चक्कर मारली, भिंतींवर बोटानं ठोकून बघितलं आणि म्हणाले, "भाभी, हे घर पडलेलं न्हाई. एक भिंत पडलीय. आठ दिवसांचं काम हाय. चौकट काढली तर पुढची भिंत राहायची न्हाई, आन् तुळया गेल्या की बाकीच्याबी जातील."

"ते त्यांचं घरकुल व्हणार हाय, चाचा."

"व्हईल की. ज्याचं घर हाय तो कुठाय?"

मग त्यांनी त्यांच्या धंद्यातला रिवाज सांगितला. घर उतरवताना पहिली पहार घरच्या माणसानं मारायची, मिस्त्रीनं नाही. वडिलांनी घालून दिलेलं. घरच्यानं स्वतःच्या हातानं एक घाव घातला की त्याचं मन मोकळं होतं आणि लाकूड दुसऱ्या घरी जायला मोकळं होतं. नाहीतर ते मिस्त्रीच्या मानगुटीवर बसतं. "घरचं माणूस उभं असल्याबिगर मी हात लावत न्हाई. उसूल हाय."

दीर पुढं झाला. चाचांनी त्याला विचारलं, तुमी या घरात राहता का? तो म्हणाला, मी वेगळा राहतो. "मंग तुमी न्हाई." तो मागं सरला. चाचांच्या माणसानं विचारलं, कुलूप तोडायचं काय?

आणि मी म्हणाले, "तोडायचं कावून? चावी माझ्याकडं हाय. इतकी वर्षं हाय. घरचं माणूस मीच समजा."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हे नको म्हणतील. खरं सांगू का, आत कुठंतरी असंही वाटलं की म्हणावं यांनी नको. पण ते म्हणाले, "बघा बुवा भाभी, तुमी म्हणता तर तुमी," आणि पहार माझ्या हातात दिली. जड होती. चौकट आणि भिंतीच्या मधल्या मातीत मी ती घातली. माती ओलीच होती, लोण्यात सुरी जावी तशी गेली. मला वाटलं होतं जोर लागेल.

दोन तासांत पुढची भिंत बसली. संध्याकाळपर्यंत दिरानं तुळया नेल्या. दुसऱ्या दिवशी मी तिकडं बघायला गेलेच नाही.

मार्गशीर्षात आमच्या घराला चौकट बसवली. पाच सवाशिणी बोलावल्या, नारळ फोडला, चाचांना टॉवेल-टोपी केली. त्यांनी रंधा मारून, तेल पाजून लाकूड असं काढलं होतं की काय सांगू! आष्टीची जाऊ मुद्दाम बोलावून घेतली होती. ती दारासमोर उभी राहिली, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "छान हाय." बस, एवढंच. या दोन शब्दांसाठी मी ते सगळं केलं होतं. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण त्या दिवशी मला दुपारचं जेवण लई गोड लागलं.

संक्रांतीला तिचा फोन आला. मी दुपारचं ऊन खात उंबऱ्यावर बसले होते. तिच्याच उंबऱ्यावर.

"आक्का, तिळगूळ घ्या, गोड बोला!"

"तू बी घे गं बाई. बरी हाय ना?"

"बरी हाय. तिकडं लई पाऊस झालता म्हणं? मला मागच्या भिंतीचा घोर लागला व्हता. घर बरं हाय ना?"

दोन महिने मला कुणी विचारलं तर काय सांगायचं हे मी घोकून ठेवलं होतं. भिंत पडली, मी सामान वाचवलं, दीर असं म्हणाला, आपण बसून बघू. सगळं तोंडपाठ. आणि तोंडातून निघालं, "बरं हाय. तू नको काळजी करू."

"मग झालं," ती म्हणाली. "तुमी हायेत म्हणून झोप लागती मला." आणि पुढं मजेत कायकाय सांगत बसली, तिकडची थंडी, पोराचा खोकला, मुकादमाची बायको. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. त्याला हात लावून मी कधी खोटं बोलले नाही, असं मी जन्मभर सांगत आले. त्या दिवशी हात लावला नव्हता, एवढीच काय ती पळवाट. त्यानंतर मला ते दार नकोसं व्हायला लागलं, पण दारच ते, रोज उघडायला लागतं.

पाडव्याच्या चार दिवस आधी ते परत आले. दुपारची वेळ. वेशीत ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. गल्लीत शिरताना आधी आमचं घर लागतं, वळणापलीकडं तिचं. म्हणजे तिला अजून काही दिसलेलं नव्हतं. डोक्यावर बोचकं, उन्हानं रापलेली, हसत हसत आली. "आक्का!" म्हणून लांबूनच हाक मारली. एक पाय उचलला आत यायला आणि तो तसाच धरला.

आधी तिनं खाली बघितलं, उंबऱ्याकडं. मग वर. बोचकं खाली ठेवलं आणि चौकटीवर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळाला लावतात तसा. मी दुकानातून उठून आले होते.

"आक्का, माझं घर पडलं का?"

"मागची भिंत पडली गं अवकाळीत."

"आन् बाकीच्या?"

मी चौकटीकडं बघितलं. तिनंही बघितलं. मग म्हणाली, "एक भिंतच पडली व्हती. आठ दिवसांचं काम." चाचा बोलले होते तेच, अगदी त्याच शब्दांत. मग तिनं हात पुढं केला. "चावी द्या."

काय करणार होती ती त्या चावीचं? पण मागितली, दरसालसारखी. मी आत गेले, खिळ्यावरची चावी काढली, आणून दिली. तिनं ती पदराच्या गाठीला बांधली, बोचकं उचललं आणि वळणाकडं गेली. आमच्या घरात पाऊल टाकलं नाही, पाणी प्यायली नाही. मी कान लावून उभी होते. ती ओरडेल, शिव्या देईल, छाती बडवून घेईल, गल्ली गोळा करेल. काही ऐकू आलं नाही.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी आजवर कुणाला हार गेले नाही, आणि निदान या भांडणात मला हरायचं होतं. मालक त्या संध्याकाळी जेवले नाहीत. म्हणाले, "उद्या चाचांना बोलावू, चौकट काढून देऊ." सकाळी मी भाकरी-कालवण घेऊन तिच्याकडं गेले. मातीच्या ढिगापाशी तीन दगड मांडून ती चहा करत होती. मी म्हणाले, "चुकलं माझं. चौकट तुझी तुला आणून देते."

"कुठं लावू, आक्का?" ती म्हणाली. "चौकटीला भिंत लागती."

"भिंतीबी बांधून देतो आमी. चारीबी."

"न्हाई. आता तुमच्या हातचं नको." रागानं नाही म्हणाली. भाजी नको म्हणावं तसं म्हणाली. भाकरी मी तशीच परत आणली. सामान तिच्या नवऱ्यानं येऊन नेलं, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि तो मला धन्यवाद म्हणाला. त्या माणसाला काय बोलावं हे कळत नव्हतं म्हणून म्हणाला असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी तिथंच पत्र्याचं शेड टाकलं. घरकुलाच्या यादीत त्यांचं नाव अजून आलेलं नाही. दिराच्या गोठ्यावर तुळया चांगल्या बसल्यात. गावात बाया म्हणाल्या, कुंपणानंच शेत खाल्लं. म्हणू देत, खरंच आहे ते. चाचा एकदा दुकानात आले, दारापुढं थांबले आणि विचारलं, "घरवाली आली का, भाभी?" मी मान हलवली. चहा केला होता, त्यांनी घेतला नाही. जाताना म्हणाले, "पयली पहार कुणाची व्हती, हे मी कुणाला सांगितलं न्हाई." त्यांनी सांगितलं नाही. म्हणून मी सांगते आहे. माझी होती.

सहा महिने ती माझ्याशी बोलली नाही, आणि वाकड्यातही शिरली नाही. दुकानातून तेल-मीठ न्यायची पोराच्या हातून. मग दसरा आला. तोडीचा ट्रॅक्टर वेशीत लागला. मी सकाळपासून काही ना काही निमित्त काढून दारात येत होते. सीमोल्लंघनाला माणूस सगळं विसरतं, सोनं देतं-घेतं, असं आपलं मनात चाललं होतं.

आणि ती आली. वळणावरून सरळ आमच्या दाराकडं. डोक्यावर पदर, हातात तांब्या आणि छोटी वाटी. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. म्हटलं, आली गं बाई, आली! शेडला का होईना, कुलूप लावून आली. मी पटकन पदराला हात पुसला आणि पुढं केला.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. खाली बसली, तांब्यातलं पाणी उंबऱ्यावर ओतून तो हातानं धुतला, हळद लावली, कुंकू लावलं आणि त्यावर डोकं टेकवलं. उठताना तिच्या गळ्यातला काळा दोरा पुढं आला. त्याला शेडची चावी बांधलेली होती. ती दोऱ्यासकट तिनं पोलक्यात सरकवली, तांब्या उचलला आणि वेशीकडं निघून गेली. माझा हात अजून पुढंच होता.